मांजराचा शेजार

गाय-शेळीला मनुष्यानें दाव्याला बांधलें. मांजर मात्र आपण होऊन आलें. पश्चिम आशियांत शेती सुरू झाली, धान्य सांठूं लागलें. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर उंबऱ्याशीं आलें. सायप्रस बेटावरील सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याशेजारीं मांजराचा सांगाडा आढळल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या बेटावर मांजरें मूळचीं नव्हतीं. अर्थात् कोणीतरी तीं नावेंतून नेलीं असलीं पाहिजेत.

पुढें इजिप्तमध्यें बास्तेत देवीस मांजरांचीं मसाला भरलेलीं शवें वाहण्याची प्रथा पडली. क्ष-किरणांनीं पाहतां, त्यांतील कित्येकांच्या माना मोडलेल्या आढळतात. इ. स. १८९० मध्यें इजिप्तमधून आणलेलीं अशीं सुमारें १९ टन शवें इंग्लंडांत लिव्हरपूल येथें खतासाठीं विकलीं गेलीं!

धान्य राखणाऱ्या या पाहुण्यानें देवपण मागितलें नव्हतें आणि ही विटंबनाही नव्हे. आज रात्रीं तें आपल्या पायांशीं येऊन बसेल, तेव्हां त्याला घासभर अन्न घालतांना एवढें स्मरावें, कीं घर आपलें असलें तरी तें तेथें स्वखुषीनें आलें आहे.