जाणे आणि परतणे : रुग्णनोंदींच्या सुरक्षिततेविषयी निवेदन

(संस्थेच्या वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक सभेत आम्ही दरवर्षी खाटा, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांचा वृत्तान्त आपल्यापुढे ठेवीत आलो आहोत. तो या अहवालात अन्यत्र छापला आहेच. आज ज्या विषयावर बोलणार आहोत, तो मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्याची कोनशिला बसत नाही आणि त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रही काढता येत नाही. तो विषय म्हणजे रुग्णाची नोंद. ती सांभाळणारा सर्व्हर एखाद्या रात्री बंद पडला, तर ती नोंद कोठे जाते आणि पुन्हा घरी कशी परतते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पनवेलकरांना २६ जुलै २००५ हा दिवस वेगळा सांगावयास नको. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि इकडे गाढी नदीचे पाणी आपल्या शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. त्या काळी बहुतेक रुग्णालयांच्या नोंदी कागदावर असत. पाणी वाढू लागले की गठ्ठे उचलून वरच्या मजल्यावर न्यावयाचे, एवढाच उपाय हाताशी होता. आज केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, औषधभांडारातील शिल्लक आणि देयके हे सारे एका खोलीतील मोजक्या यंत्रांत साठलेले असते. सोय वाढली, यात शंका नाही. परंतु त्या एका खोलीत पाणी शिरले, आग लागली किंवा घातक व्हायरस घुसला, तर सगळे विभाग एकाच क्षणी मुके होतात.

ही भीती कल्पनेतली नव्हे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदरात, जून २०१७ मध्ये तिचा प्रत्यय आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस २७ जून रोजी जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यात कोलमडले आणि त्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा येथील टर्मिनलचे काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा व तो कोठे ठेवला आहे, हे सांगणारी यंत्रणाच गप्प झाली होती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दावोस येथे सांगितले की, सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

या घटनेतील एक तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश द्यावयाचा, याची वही सांभाळणारे सर्व्हर त्या कंपनीने जगभर ठेवले होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल करीत असत. एक गेला तर दुसरा आहे, असा भरवसा होता. प्रत्यक्षात हल्ला झाला तेव्हा सगळेच एकदम पुसले गेले. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातला एक सर्व्हर, आणि तोही केवळ त्या वेळी तेथील वीज गेली होती म्हणून! सतत होणारी नक्कल चांगल्या नोंदीची जशी होते, तशीच बिघाडाचीही होते. म्हणून चालू नकलेखेरीज तारीखवार ठेवलेली, जाळ्यापासून तोडलेली आणि कोणालाही बदलता न येणारी अशी आणखी एक प्रत असावी लागते.

रुग्णालयाचेच उदाहरण हवे असेल तर ते दिल्लीचे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर खंडणीसाठीचा सायबर हल्ला झाला. नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे, तपासण्यांचे अहवाल हे सारे काम हातांनी करावे लागले. हल्ल्यापासून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून माहिती परत मिळविण्यात आली, तरी बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले. म्हणजे प्रत शिल्लक असणे ही निम्मीच गोष्ट झाली. त्या प्रतीवरून काम किती वेळात सुरू होते, ही उरलेली निम्मी.

आता आपल्या व्यवस्थेविषयी. मुख्य सर्व्हर आपल्या इमारतीत आहे. त्याच्या नोंदींची प्रत क्लाउडमध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर, सतत जात असते. इमारतीतील सर्व्हर बंद पडल्यास कार्यभार क्लाउडकडे सोपविणे, याला फेलओव्हर म्हणतात. संकट टळल्यावर तो कार्यभार परत इमारतीत आणणे, हे फेलबॅक.

क्लाउड या नावामुळे ही वस्तू आकाशात तरंगत असावी असा समज होतो. वस्तुतः क्लाउड हीसुद्धा एक इमारतच असते. २०२० साली आपल्या पनवेलमध्येच योट्टा या कंपनीचे भव्य डेटा सेंटर सुरू झाले. तेव्हा काही हितचिंतकांनी सुचविले की, प्रत दारातच ठेवता येत असताना दूर कशाला जावयाचे? त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला होता. मोठ्या डेटा सेंटरांकडे स्वतःची वीज असते, हे आम्ही जाणतो. तथापि एकाच पावसाने, एकाच वीजजाळ्याच्या बिघाडाने किंवा एकाच तुटलेल्या केबलने दोन्ही घरे अडचणीत येऊ नयेत, म्हणून दुसरे घर दुसऱ्या शहरात असावे, असे आमचे मत झाले.

अंतराची किंमत मात्र मोजावी लागते. दूरची प्रत मूळ नोंदीपेक्षा किंचित मागे असते. त्यामुळे प्रत्येक विभागाला आम्ही दोन प्रश्न विचारले. संकट आल्यास शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गमावणे तुम्हांला सोसेल? आणि काम किती वेळात पुन्हा सुरू व्हावयास हवे? हिशेब विभाग एक दिवस थांबू शकतो. अपघात विभाग आणि रक्तसाठा थांबू शकत नाहीत. सर्वांना सारखीच व्यवस्था देणे म्हणजे एकीकडे पैसा वाया घालविणे आणि दुसरीकडे जीव धोक्यात घालणे होय.

येथवरचे नियोजन आम्ही बऱ्या रीतीने केले होते. चूक झाली ती परतण्याच्या बाबतीत, आणि ती आपल्यापासून लपवावी असे आम्हांस वाटत नाही.

गतवर्षी एका रविवारी दुपारी आम्ही रंगीत तालीम घेतली. इमारतीतील सर्व्हर मुद्दाम जाळ्यापासून तोडला. क्लाउडने कार्यभार घेतला आणि नोंदणी खिडकीवर काम पुन्हा सुरू झाले. सर्वांनी समाधान व्यक्त केले. सायंकाळी कार्यभार परत आणला आणि तेव्हा घोटाळा उघडकीस आला. खिडकीवरील एक संगणक चुकून जुन्याच सर्व्हरशी जोडलेला राहिला होता. तो जुन्या सर्व्हरवरून केसपेपरचे क्रमांक देत होता आणि क्लाउडही तेच क्रमांक देत होता. परिणामी दोन निराळ्या रुग्णांना एकच क्रमांक मिळाला. त्यांतील एका वृद्ध मातोश्रींना पेनिसिलिनचे वावडे आहे. त्यांची ही नोंद परतीच्या वेळी दुसऱ्या रुग्णाच्या नोंदीखाली पुसली गेली.

त्या दिवशी आम्ही कागदावर समांतर नोंद ठेवली होती. रात्री दोन्ही याद्या ताडून पाहणाऱ्या परिचारिका भगिनींच्या लक्षात ही विसंगती आली आणि चूक तत्काळ दुरुस्त झाली. कोणालाही इजा झाली नाही. परंतु ती तालीम नसून खरे संकट असते, आणि कागद नसता, तर काय झाले असते, या विचाराने आम्ही त्या रात्री अस्वस्थ झालो.

वाल्मीकिरामायणाच्या अखेरीस भरत श्रीरामांना राज्य परत करतो, तो प्रसंग आपणांस ठाऊक आहे. कोश, कोठार, नगर आणि सैन्य यांची पाहणी करावी, अशी विनंती तो करतो. चौदा वर्षांत जे जे वाढले, त्या सर्वांसह तो राज्य परत देतो. या काळात अयोध्येचे सिंहासन एकच होते आणि आज्ञाही एकाच ठिकाणाहून निघत होती. फेलबॅकचे सारे शास्त्र या प्रसंगात सामावले आहे, असे आम्हांस वाटते. दूरच्या घरी असताना जन्मलेली मुले, झालेल्या तपासण्या, दिलेली औषधे यांच्या नोंदी तेथेच लिहिल्या गेलेल्या असतात. त्या न आणता परतणे म्हणजे ते दिवस रुग्णाच्या आयुष्यातून खोडून टाकणे होय.

त्या अनुभवानंतर परतीचा क्रम आम्ही लिहून काढला. प्रथम बिघाडाचे मूळ शोधावयाचे. व्हायरस असेल तर यंत्र पूर्ण पुसून नव्याने उभारावयाचे. मग प्रवाह उलटा करावयाचा, म्हणजे क्लाउडमधील नोंदी इमारतीतील सर्व्हरवर उतरवावयाच्या. याला वेळ लागतो. दोन टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने आणावयाची तर अखंड चाललेल्या जोडणीवरही सुमारे ४४ तास लागतात. क्ष-किरण आणि सिटीस्कॅनची चित्रे त्यातला मोठा वाटा घेतात. तोवर काम क्लाउडवरच चालू ठेवावयाचे. नंतर कमी गर्दीची वेळ निवडून काही मिनिटे नवे लेखन थांबवावयाचे, शेवटच्या नोंदी उतरवावयाच्या, दोन्हीकडील रुग्णसंख्या व शेवटचे क्रमांक ताडावयाचे आणि मगच कार्यभार परत घ्यावयाचा. क्लाउडवरील प्रत त्यानंतरही काही दिवस जशीच्या तशी जपून ठेवावयाची.

या क्रमाला आम्ही एक नियम जोडला आहे : एका वेळी एकच लेखणी. एक ठिकाण लिहिते झाले की दुसऱ्याची लेखणी काढून घेतलीच पाहिजे. हा निर्णय आम्ही यंत्रावर सोपविलेला नाही. केबल तुटली आहे की सर्व्हर बंद पडला आहे, हे यंत्राला दुरून सांगता येतेच असे नाही. म्हणून प्रत्येक पाळीत निर्णय घेणारी एक जबाबदार व्यक्ती आणि तिला पर्याय म्हणून दुसरी व्यक्ती नेमली आहे. तसेच दोन ठिकाणी काम करताना क्रमांकांचे गट वेगळे राखले आहेत, जेणेकरून चूक झाली तरी दोन रुग्णांची गाठ एका क्रमांकावर पडू नये.

रुग्णाची माहिती इमारतीबाहेर जाते, याविषयी नातेवाइकांच्या मनात शंका येणे रास्त आहे. ती माहिती कुलूपबंद स्वरूपात, म्हणजे सांकेतिक लिपीत, पाठविली जाते आणि तिची किल्ली संस्थेकडेच राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधोरेखित केली आहे; आम्ही तिला त्याआधीपासूनच रुग्णाच्या विश्वासाची ठेव मानीत आलो आहोत.

आता आमच्या विनंत्या. विश्वस्त मंडळास विनंती अशी की, क्लाउडचे भाडे, परत आणलेल्या माहितीवर आकारले जाणारे शुल्क आणि वर्षातून दोन तालमी यांचा खर्च नैमित्तिक न मानता कायमस्वरूपी मंजूर करावा. त्यांतील एक तालीम पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि परतल्याशिवाय कोणतीही तालीम पूर्ण झाली असे समजू नये. देणगीदारांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, या कामावर आपले नाव कोरता येणार नाही. ते यशस्वी झाले की काहीही घडल्याचे कोणास कळणारही नाही, हीच त्याची पावती. नातेवाइकांना विनंती की, घरी सोडतानाचे कागद, चालू औषधांची यादी आणि औषधाचे वावडे असल्यास त्याची चिठ्ठी रुग्णाजवळ जपून ठेवावी. तालमीच्या दिवशी खिडकीवर थोडा विलंब झाल्यास सांभाळून घ्यावे.

ज्या मातोश्रींचा उल्लेख केला, त्या आजही तपासणीसाठी येतात. त्यांच्या केसपेपरच्या पहिल्या ओळीवर पेनिसिलिनची नोंद ठळकपणे आहे. ती तेथे आहे, कारण एका भगिनीने दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या. पुढच्या वेळी ते काम केवळ एखाद्याच्या दक्षतेवर अवलंबून राहू नये, यासाठी आपले साहाय्य हवे आहे. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही प्रार्थना.