फौजेतून इस्पितळाच्या कचेरीत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी कधी भाषणाला उभी राहीन असे मला वाटले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले तेच सांगा. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असे घर शोधावे लागते." म्हणून सांगते.

आमचे हे १९९३ साली आर्मी मेडिकल कोअरमध्ये भरती झाले. हवालदाराची २४ वर्षे पुरी करून २०१७ साली घरी आले, तेव्हा वय त्रेचाळीस. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला आणि घराचे कर्ज डोक्यावर. लोकांना वाटते, पेन्शन सुरू झाली, आता काय काळजी! पण धडधाकट पुरुष दिवसभर घरात बसला म्हणजे काय होते, ते ज्या बायकांनी सोसले त्यांनाच ठाऊक. पंधरा दिवसांत यांनी माझ्या सगळ्या डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावल्या. जुनी डाळ पुढे, नवी मागे. मी रागावले, तर म्हणाले, "भांडाराचा नियम आहे."

फौजेच्या इस्पितळात यांनी पहिली वर्षे वॉर्डात काढली आणि शेवटची नऊ औषधांच्या भांडारात व रोगी भरती करण्याच्या कामावर. म्हणून मनात होते, की एखाद्या इस्पितळाच्या कचेरीत काम मिळावे. पण जिथे जावे तिथे एकच प्रश्न, "माजी सैनिक का? मग सिक्युरिटीत या की." दारावर उभे राहण्यात कमीपणा नाही. पण नऊ वर्षे ज्याने हजारो औषधांचा हिशेब ठेवला, त्याला नुसता दंडुका का द्यायचा?

इथे एक माहिती सांगून ठेवते. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव असतात. मॅट्रिक होऊन १५ वर्षे फौजेत काढलेल्या माणसाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या काही जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात. २००३ साली माजी सैनिकांची ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या दवाखान्यांत माजी सैनिकांना कराराने घेतात. या सगळ्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी, आणि ती निवृत्तीच्या आधी करावी. निवृत्तीपूर्वी फौज निरनिराळ्या व्यवसायांचे वर्गही चालवते. आमच्या यांनी तो वर्ग घेतला नाही, घराचा स्लॅब टाकायला सुट्टीवर आले. त्या वेळी स्लॅबचा हट्ट माझाच होता, हे कबूल करते.

यांच्या वेळी ई.सी.एच.एस.मध्ये जागा निघाली नाही. खाजगी इस्पितळांना वरचे नियम लागू नाहीत. तिथे पदवी विचारतात. पाच ठिकाणी अर्ज केले, एकाचेही उत्तर नाही. एके रात्री हे तो अर्ज मला वाचून दाखवू लागले. इंडेंट, लेजर, एम.आय. रूम, सिक रिपोर्ट! मी म्हटले, "अहो, मला यातले अक्षर कळत नाही." हे चिडले, "तुला कळून काय करायचे आहे?" मी म्हटले, "तिथे बसलेल्या मुलाला तरी कुठे कळत असेल?"

ती रात्र आम्ही जागून काढली. मी विचारायचे आणि यांनी साध्या मराठीत सांगायचे. खाटा किती होत्या? औषध संपत आले हे कसे कळायचे? मुदत उलटलेल्या औषधाचे काय करायचे? मला कळेल ते ठेवले, न कळेल ते खोडले. मग मुलीने संगणकावर उतरवून काढले. सहावा अर्ज गेला आणि बोलावणे आले. पगार बारा हजार, पेन्शनीपेक्षा कमी, आणि जागा भांडाराच्या मदतनिसाची.

पण खरी परीक्षा पुढेच होती. तिथल्या एक सफाईच्या मावशी आमच्याच आळीत राहतात. महिन्याने त्या मला नळावर म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मालकांना सांगा, आम्ही काय पलटणीतले नाही. काल सगळ्यांसमोर ओरडले. आम्ही उद्यापासून येत नाही." कचऱ्याच्या पिशव्यांवरून झाले होते. पट्टीबोळे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, असा २०१६ चा नियम आहे. यांचे म्हणणे बरोबर होते, पण सांगायची रीत चुकली होती.

घरी मी विषय काढला तर हे म्हणाले, "मग सोडतो नोकरी." दोन दिवस गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी डबा भरून पुढे ठेवला आणि म्हटले, "तिथे कुणी तुमच्या हाताखाली भरती झालेले नाही. त्यांची नावे तरी ठाऊक आहेत का तुम्हाला?" ठाऊक नव्हती. हे गेले. पुढे मावशींनीच सांगितले, की यांनी माफी मागितली आणि सगळ्यांची नावे वहीत लिहून घेतली. माफी मागितल्याचे मला घरी अजूनही सांगितलेले नाही!

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हा ती ओळख उपयोगी पडली. ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रोग्याला तो साडेअकरा तास पुरतो. यांनी भिंतीवर फळा लावला. भरलेले, लावलेले, रिकामे, आणि प्रत्येक लावलेला किती वाजता संपेल ते. रात्री दोन वाजता तो फळा पुसून नवे आकडे कोण लिहीत असे? त्याच मावशी. गाडी यायला उशीर होणार हे फळ्यावरून सहा तास आधी कळायचे, आणि तेवढ्या वेळात दुसरीकडून व्यवस्था व्हायची. त्या दिवसांत हे अंगणातल्या खोलीत निजत. मी उंबऱ्यावर ताट ठेवून मागे सरत असे. यांच्या वहीत रोज किती माणसे होती ते मला सांगत, किती राहिली ते सांगत नसत.

लाट ओसरल्यावर यांना त्याच इस्पितळात प्रशासनाचे मदतनीस केले. पदवी अजून नाही. मुक्त विद्यापीठाची पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आहे, एक विषय राहिला आहे. इंग्रजीचा.

आता दर रविवारी दुपारी आळीतले निवृत्त होऊ घातलेले लोक आमच्याकडे अर्ज घेऊन येतात. दोघांचे काम झाले, एक इस्पितळाच्या नोंदणीत लागला, दुसरा रुग्णवाहिकांच्या हिशेबावर. तिसऱ्याचे अजून झालेले नाही. आपल्यापैकी कुणाचे यजमान, भाऊ, दीर सुटून येणार असतील तर पाठवा. डिस्चार्ज बुक आणि कोरे कागद बरोबर असू द्यावेत. लिहून हे देतील. मी तिथेच निवडत-टिपत बसलेली असते. मला जे कळणार नाही, ते खोडले जाईल.