वास्तूचा धर्म

श्रोतेहो, पावसाळा तोंडावर आला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी नेमाने घडतात. पंचगंगेच्या पातळीची चर्चा सुरू होते, आणि जुन्या पेठांतील पडक्या घरांच्या दारांवर महानगरपालिकेच्या नोटिसा झळकू लागतात. इमारत धोकादायक आहे, उतरवून घ्यावी अथवा दुरुस्त करावी, एवढाच त्या कागदाचा मथितार्थ असतो. परंतु तो कागद चिकटला की दाराआड जे महाभारत सुरू होते, त्याची वार्ता कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. भाऊ भावाशी, मालक भाडेकरूशी, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. एक म्हणतो, वडिलांनी बांधलेली वीटही हलवू देणार नाही. दुसरा म्हणतो, वडिलांच्या विटेखाली मुलाबाळांना चिरडून मारावयाचे काय?

आज मला या भांडणांविषयीच आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. मी स्थापत्यविशारद नव्हे. माझे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेले. तथापि अशा एका भांडणात मी स्वतः निवाडा करावयास बसलो होतो, आणि तो निवाडा चुकला. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार असेल तर तो इतकाच.

आमचा वाडा आजोबांच्या वेळचा. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, वर कौले, आणि मध्ये आकाशाला मोकळा असा चौक. चौकात तुळशीवृंदावन. सकाळी ऊन प्रथम तुळशीवर यावे आणि दहाच्या सुमारास माजघराच्या उंबऱ्याशी पोहोचावे, हे आमच्या घरचे घड्याळच होते. वडील गेल्यानंतर, १९९२ साली, वाड्याचा प्रश्न निघाला. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते नोकरीनिमित्त पुण्यास असत व गणपतीला येत. वाड्याला हात लावावयाचा नाही, असे त्यांचे म्हणणे. धाकट्याला वाडा पाडून नवी इमारत हवी होती. त्याचा संसार दोन खणांत मावत नव्हता, हेही खोटे नव्हते. मी मधला. शिक्षक म्हणून दोघांनीही माझ्यावर सोपविले.

मी मध्यममार्ग काढला. वाडा पाडावयाचा नाही, मात्र चौकावर सिमेंटचा स्लॅब टाकावयाचा, म्हणजे धाकट्याला एक मोठी खोली मिळेल. आणि भिंतींचे पोपडे निघत होते, त्यांना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करावयाचा, म्हणजे दादांचा वाडा शाबूत राहील. दोघेही राजी झाले. मला स्वतःच्या शहाणपणाचा थोडा अभिमानही वाटला.

पहिल्याच पावसाळ्यात घर अंधारले. दिवसा दिवा लावावा लागू लागला. तुळस गच्चीवर कुंडीत गेली. आईला जिना चढवेना, म्हणून ती तुळशीपाशी बसेनाशी झाली. दोन-तीन वर्षांनी भिंतींना लोणा लागला. एका म्हाताऱ्या गवंड्याने मला पुढे याचे कारण सांगितले. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. मातीचा वा चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, आणि चौकातले ऊन-वारे ती सुकवितात. मी चौक झाकून ऊन-वारे बंद केले आणि सिमेंटने भिंतीची त्वचाच लिंपून टाकली. ओल आत कोंडली, माती भुसभुशीत झाली, तुळयांची टोके भिंतीत कुजली. नऊ पावसाळे त्या भिंतीने काढले. २००१ सालच्या श्रावणात एके दिवशी भरदुपारी माजघराची भिंत बसली. आईची खाट त्याच भिंतीशी असे. ती त्या वेळी शेजारी कीर्तनाला गेली होती, म्हणून आज मी आपणांशी बोलू शकत आहे.

त्यानंतर वाडा उतरवावाच लागला. दादांनी पुढे कित्येक वर्षे माझ्याशी अबोला धरला. धाकट्याने नवी इमारत बांधविली, तीन मजली. आणि श्रोतेहो, मला खरी शिकवण त्या नव्या इमारतीने दिली. कारण त्याने नकाशात मध्यभागी एक चौक मोकळा सोडला होता. अभियंता म्हणाला, इतकी जागा फुकट जाते. धाकटा म्हणाला, जाऊ द्या. आई शेवटली सहा वर्षे त्या चौकात उन्हाला बसली. वाडा राखणार म्हणून मिरविणाऱ्या मी वाड्याचा प्राण घेतला होता, आणि वाडा पाडू इच्छिणाऱ्याने तो प्राण जपला होता.

तेव्हापासून कोणत्याही जुन्या वास्तूचा वाद कानी आला म्हणजे मी प्रथम एकच गोष्ट विचारतो : या वास्तूचा धर्म कोणता? धर्म म्हणजे येथे उपासना नव्हे. जसा अग्नीचा धर्म उष्णता, पाण्याचा धर्म वाहणे, तसा त्या वास्तूचा धर्म. तो ठरला की काय राखावे व काय बदलावे, हे बव्हंशी आपोआप ठरते. तो न ठरविता घातलेला वाद म्हणजे रोग न ओळखता औषधावर केलेली हमरीतुमरी.

आमच्या नगरीचेच उदाहरण घ्या. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजेच पूर्वीचे पॅलेस थिएटर, राजर्षी शाहू महाराजांनी उभारले व ते १९१५ साली खुले झाले. शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान. एकीकडे मल्लविद्या, दुसरीकडे नाट्यकला, आणि मध्ये जणू एकच भिंत. महाराजांच्या मनाचा नकाशाच तो! ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत सापडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. छप्पर आणि रंगमंच जळाले, आणि नगरातील पुष्कळ माणसे त्या राखेसमोर उभी राहून घरचे माणूस गेल्यासारखी रडली. पुनर्बांधणीची घोषणा झाली, आणि त्याबरोबरच प्रश्न आला : जसे होते तसेच बांधावे, की काळानुरूप नवे?

मी माझा प्रश्न लावून पाहतो. या नाट्यगृहाचा धर्म कोणता? ते बांधले गेले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचा गळा आणि शेवटल्या रांगेतला प्रेक्षक यांच्यामध्ये काहीही आड येऊ नये, म्हणून प्रेक्षागृहात मध्ये खांब नाहीत. साध्या आवाजातला शब्द शेवटल्या माणसापर्यंत पोहोचविणे, हा त्या वास्तूचा धर्म. तेव्हा तिचा आकार, तिची उंची, रंगमंचाचे प्रेक्षकांशी असलेले अंतर, आणि खासबागेशी असलेले तिचे नाते, या गोष्टी तसूभरही ढळू नयेत, असे म्हणणारे बरोबर आहेत. पण विजेच्या तारा, आग विझविण्याची साधने, संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग, हे सारे आजच्या ज्ञानाप्रमाणेच असले पाहिजे, असे म्हणणारेही तितकेच बरोबर आहेत. १९१५ ची वायर आणि १९१५ चा सूर, या दोहोंना एकाच पंक्तीला बसविण्याचे कारण नाही.

वास्तूचा धर्म कित्येकदा तिच्या भिंतींच्या पलीकडेही पसरलेला असतो. श्री अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा जानेवारीअखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी, मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात, हाच किरणोत्सव. वर्षातून दोनदाच का, असे मुले मला विचारीत. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकास जातो. त्या दिवसाच्या सुमारे सहा आठवडे आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो, म्हणून. आता महाद्वार रस्त्यावर कोणी आपल्या घरावर एक मजला चढविला, टाकी बसविली वा फलक लावला, तर त्याने देवळाच्या एका दगडालाही हात लावलेला नसतो. तरी देवळात मात्र बदल झालेला असतो. मार्गातील अडथळ्यांवरून गावात वर्षानुवर्षे वाद चालत आले, ते यामुळेच. घरमालकाचा हक्क खरा; परंतु ज्या प्रकाशाला शेकडो वर्षांची वहिवाट आहे, त्याचाही काही हक्क आहे. याच देवळाच्या आवारातील मणिकर्णिका कुंड एके काळी बुजविण्यात आले, वर बाग व शौचालय आले, आणि २०२० नंतर तेच कुंड पुन्हा खणून मोकळे करावे लागले. कुंडाचा धर्म पाणी धरणे, हे विसरल्याची किंमत पुढील पिढीने भरली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. पंचगंगेच्या तीरावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी उत्खनन केले. ब्रह्मपुरीतच सापडलेली रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती सातवाहनकाळीन कोल्हापूरचा दूरदेशींचा व्यापार सांगते. ही टेकडी संरक्षित आहे, व ती असलीच पाहिजे. परंतु २०१० साली कायदा दुरुस्त झाला आणि संरक्षित स्थळापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम निषिद्ध ठरले. शेजारी एकोणिसाव्या शतकातला दगडी शिवाजी पूल. त्याला पर्याय म्हणून उभारला जात असलेला नवा पूल या नियमात सापडून अर्धवट राहिला. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक प्रवासी गाडी नदीत कोसळली आणि तेरा जीव गेले. नवा पूल असता तर तो अपघात टळलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तथापि त्या रात्रीनंतर, जुने ते सोने असे वर्गात सांगताना माझी जीभ अडखळू लागली, हे मात्र खरे. पुलाचा धर्म माणसाला सुखरूप पैलतीरी नेणे. त्याच्या आड मीटरांची टेप येत असेल, तर अपवादाचा मार्ग अपघाताआधी शोधावयास हवा. नवा पूल पुढे पूर्ण झाला. तेरा माणसे परत आली नाहीत.

गंमत अशी की, ब्रह्मपुरीचे अवशेष ज्या टाउन हॉलमध्ये ठेवले आहेत, ती वास्तूच आपल्या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आहे. ती १८७० नंतरच्या दशकात नागरिकांच्या सभा-समारंभांसाठी बांधली गेली. १९४९ पासून तेथे वस्तुसंग्रहालय नांदते आहे. उपयोग बदलला, परंतु चार लोकांनी एकत्र येऊन काही ऐकावे-पाहावे, हा धर्म बदलला नाही. म्हणूनच भिंतींना धक्का लागला नाही.

असो. मोठ्या वास्तूंसाठी समित्या असतात, निधी असतो, वर्तमानपत्रे असतात. पेठेतल्या वाड्याला यांपैकी काही नसते. तेथे खरे दुखणे पुष्कळदा पैशाचे असते. जुन्या भाड्यात कौल बदलणेही परवडत नाही, म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही. घर सोडले तर हक्क बुडेल, म्हणून भाडेकरू हलत नाही. घर आपोआप पडेल याची एक वाट पाहतो, आणि पडणार नाही या आशेवर दुसरा निजतो. जुन्याचा अभिमान व नव्याची हौस ही अशा ठिकाणी बहुधा तोंडी लावण्यापुरती असतात. तेव्हा खर्चाचा वाटा कोणाचा आणि परत येण्याची हमी कोणती, हे कागदावर लिहून घ्यावे. अर्धी भांडणे तेथेच मिटतील.

उरलेल्या अर्ध्यांसाठी माझ्या चुकीतून निघालेल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, घरात ओल कोठून येते व कोठे जाते, हे दुरुस्तीपूर्वी एक संपूर्ण पावसाळा पाहावे. दुसरी, अभियंत्याबरोबर चुना-मातीचे काम जाणणारा एखादा जुना गवंडी बोलवावा. एकाला नव्याचे बळ ठाऊक असते, दुसऱ्याला जुन्याचे मन. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, वास्तू उभी आहे तोवर तिची मोजमापे घ्यावी, नकाशे काढावे, छायाचित्रे ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील वॉर्सा शहराचा जुना भाग जमीनदोस्त झाला. तेथील लोकांनी तो पुन्हा उभारला, तो अठराव्या शतकातील चित्रे आणि युद्धापूर्वी स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी काढून ठेवलेले नकाशे यांच्या आधाराने. मुलांच्या गृहपाठाने एक नगर परत आणले, हे ऐकून कोणत्या शिक्षकाचा ऊर भरून येणार नाही?

आमच्या वाड्याचा नकाशा मात्र कोणी काढला नाही. हाती चुनखडी व फूटपट्टी असलेला मनुष्य त्याच घरात राहत होता, आणि त्याला ते सुचले नाही. मागल्या दिवाळीत दादा आले. आम्ही तिघे भाऊ चौकात बसलो आणि वाड्याचा नकाशा आठवून काढू लागलो. देवळी कोठे होती, सोपा किती हात लांब होता, यावर तिघांची तीन मते पडली. पुष्कळ वर्षांनी आम्ही पुन्हा भांडलो; पण या वेळी तिघेही हसत होतो. नकाशा अजून अपुरा आहे. आपल्या घरचा तरी, श्रोतेहो, वेळेवर पुरा करून ठेवा.