नांगर : शेतातला आणि समुद्रातला

श्रोतेहो, मी जालना जिल्ह्यातल्या आष्टीचा. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे ‘नांगर’ म्हटलं की काळी जमीन आणि बैलजोडी आठवते. कोकणातला खलाशी मात्र त्याच शब्दाला होडी थांबवण्यासाठी पाण्यात सोडायचा जड आकडा दाखवील. गंमत अशी की दोन्ही नांगर जमिनीतच रुततात. एक पुढे जाण्यासाठी, दुसरा थांबण्यासाठी.

समुद्राचं आणि आपल्या मराठवाड्याचं आणखी एक नातं आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीवर एक शिडाचं जहाज रंगवलेलं आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं ते जहाज पुन्हा पाण्यावर आणायचं, असं ठरलं. 2023 साली सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. अडचण एकच होती. त्या जहाजाचा आराखडा कुठेच उरला नव्हता; होतं फक्त चित्र.

मग केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. फटींत नारळाचा काथ्या आणि राळ भरली. चेन्नईच्या आयआयटीत प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा झाली. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ नावाने हे जहाज नौदलात दाखल झालं. 29 डिसेंबर 2025 रोजी ते पोरबंदरहून निघालं आणि वाऱ्याच्या बळावर 14 जानेवारी 2026 रोजी मस्कतला पोहोचलं.

अशा जहाजावर ‘ती दोरी ओढ’ म्हणून भागत नाही. शीड वर चढवायचा दोर वेगळा, त्याचा कोन बदलायचा वेगळा. वारा फिरला असताना चुकीच्या दोराला हात गेला तर शीड फाटेल, माणूसही जखमी होईल. म्हणून प्रत्येक वस्तूला नेमकं नाव लागतं. शीड धरणारा उभा खांब म्हणजे डोलकाठी, शीड ज्याला बांधतात ते आडवं लाकूड म्हणजे परबाण, दिशा देणारं ते सुकाणू, पुढचं टोक ती नाळ. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आणि खलाशांनी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले. शिडाच्या जागी इंजिन आलं, तसे त्यातले कित्येक शब्द तोंडातून कमी होत चालले.

हे ऐकून आपण हळहळतो. पण आपल्या अंगणातही हेच घडतं आहे. रुमणं, हळस, फाळ, जू, शिवळा, येठण. आमच्या आजोबांना ही नावं पाठ नव्हती, ती त्यांच्या हातात होती. ट्रॅक्टर आला, कष्ट वाचले. ते चांगलंच झालं. मात्र ट्रॅक्टरवर बसणाऱ्या नातवाला येठण म्हणजे जू आणि नांगर बांधणारा दोर, हे कोण सांगणार?

वस्तू मोडली तर पुन्हा घडवता येते. तिची नावं आणि ती वापरायची रीत गेली, की मागे उरतं ते फक्त चित्र. आणि चित्रावरून जहाज उभं करायला किती खटाटोप पडतो, ते आपण पाहिलंच.

श्रोतेहो, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. माळ्यावरच्या, गोठ्यातल्या जुन्या अवजारांची नावं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. शेजारी उपयोगही लिहा.