योसेफाची दुसरी क्षमा

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथात योसेफाची जी दीर्घ कथा आली आहे, तिचा शेवट सांगणारे बहुधा भावाभावांच्या गळाभेटीवर करून टाकतात. मला मात्र खरी कथा तेथून पुढे सुरू होते असे वाटते.

पूर्वपीठिका आपल्या परिचयाची आहे. याकोबाच्या या लाडक्या, १७ वर्षांच्या मुलाला मत्सरग्रस्त भावांनी कोरड्या विहिरीत टाकले, मिसराकडे, म्हणजे इजिप्तकडे, निघालेल्या तांड्याला २० रौप्यमुद्रांना विकले, आणि बकऱ्याच्या रक्तात बुडविलेला त्याचा अंगरखा बापापुढे नेऊन ठेवला. पुढे मिसरात कैदेत पडून, तेथून सुटून ३०व्या वर्षी तिथला राजा फारो याचा मुख्य कारभारी झालेल्या योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत सरकारी कोठारे भरून ठेविली. आणि दुष्काळ पडताच धान्य विकत घेण्यासाठी कनानातून तेच भाऊ त्याच्यासमोर येऊन लवले.

येथे कथाकाराला मुळीच घाई नाही. योसेफ ओळख देत नाही. दुभाष्यामार्फत बोलतो, हेरगिरीचा आळ घेतो, त्यांच्यातील शिमोनाला ओलीस ठेवून घेतो. आणि हा अंमलदार आपली भाषा जाणतो याची गंधवार्ता नसलेले भाऊ जुन्या पापाची आपसांत कबुली देऊ लागतात, तेव्हा तो बाजूला जाऊन रडतो. दुसऱ्या खेपेस तर सर्वांत धाकटा भाऊ बन्यामीन याच्या गोणीत आपला रुप्याचा प्याला दडवून, चोरीच्या आरोपावरून त्याला गुलाम करण्याचा हुकूम तो फर्मावतो. ही परीक्षा होती की छळ, याचा पंडितांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे. त्यात थोडा सूडही होता असे म्हटल्याने योसेफाचे काही उणे होत नाही. परंतु त्याला विकण्याची मसलत ज्या भावाने, यहूदाने, दिली होती, तोच पुढे सरसावून बन्यामीनाऐवजी स्वतःला दास करून घेण्याची विनवणी करू लागला, तेव्हा मात्र योसेफाचा बांध फुटला; ओळख देऊन त्याने भावांना क्षमा केली व गळ्याशी धरले.

गाड्या धाडून वृद्ध पित्याला आणविले गेले, गोशेन प्रांत राहावयास मिळाला, आणि याकोब १७ वर्षे मिसरात सुखाने राहिला. तो निवर्तताच, इतकी वर्षे योसेफाचे अन्न खाल्लेल्या भावांच्या मनात पाल चुकचुकली, की बापाची भीड सरली, आता हा उट्टे काढील. समोर जाण्याचे धैर्य न झाल्याने त्यांनी आधी निरोप पाठविला, की क्षमा करावी अशी वडिलांची अखेरची आज्ञा आहे. अशा आज्ञेचा ग्रंथात अन्यत्र मागमूस नाही. एकदा अंगरखा दाखवून बापाला फसविणाऱ्यांनी, त्याच्या मरणानंतर त्याच्याच नावावर ही थाप रचली असावी.

तो निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडला. अपमानाचे शल्य कालांतराने बोथट होते. ज्याला आपण कधीच क्षमा केली, तो अजून आपल्याला वैरी समजून दिवस कंठीत आहे, हे कळणे अधिक दुःसह असले पाहिजे. निरोपाच्या खरेखोटेपणाची शहानिशा त्याने केली नाही. भाऊ येऊन पायांवर पडले, तेव्हा निवाडा करणारा मी ईश्वर नव्हे, असे म्हणून त्यांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या पोषणाचे वचन त्याने पुन्हा एकवार दिले.