तीन पिढ्यांचे पहिले घर

घर घेणे हा बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. तो बहुधा एकदाच होतो. त्यामुळे त्यात झालेली चूक निस्तरण्याची संधी क्वचितच मिळते. तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट बनतो. वृद्धांना जिना चढवत नाही, शाळकरी मुलांना अभ्यासासाठी कोपरा हवा असतो, विवाहित जोडप्याला थोडा एकांत हवा असतो. आणि ह्या साऱ्या गरजा एकाच तुटपुंज्या मिळकतीतून भागवावयाच्या असतात. त्या सर्व एकदम भागणार नाहीत हे उघड आहे. मग आधी काय घ्यावे आणि मागाहून काय करावे, एवढाच प्रश्न उरतो.

ह्या प्रश्नाचा मुळापासून विचार करणारा एक प्रयोग मध्य प्रदेशात इंदूरजवळ झाला. इंदूर विकास प्राधिकरणासाठी ‘अरण्य’ ह्या वसाहतीची आखणी वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात केली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, सुमारे ६,५०० भूखंड आणि ६० हजारांच्या आसपास वस्ती, असा तिचा आवाका होता. त्यातील सर्वांत लहान भूखंड अवघा ३५ चौरस मीटरांचा. गरीब कुटुंबाला तेवढ्या जागेवर पुरे घर बांधून देण्याचा मोह योजनाकारांनी टाळला. त्यांनी जोते दिले, पाणी व सांडपाण्याची सोय असलेली न्हाणी आणि शौचकूप दिले, आणि फार तर एखादी खोली. उरलेले घर हाती पैसा येईल तसतसे कुटुंबाने स्वतः वाढवावयाचे होते. ते कसकसे वाढू शकेल हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावे म्हणून ८० नमुना-घरे बांधण्यात आली. मोठे भूखंड सधन लोकांना विकून आलेल्या पैशातून लहान भूखंडांचा भार हलका करण्यात आला. ह्या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

ह्या प्रयोगामागील विचार साधा आहे. जे काम कुटुंबाला मागाहून स्वबळावर करता येणार नाही, त्यावर पैसा आधी खर्च व्हावा. निर्वेध हक्काची जमीन, नळ, नाली आणि पक्का पाया ह्या गोष्टी एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हेत. वरची खोली, फरशी, रंग, कपाटे ह्यांना मात्र थांबता येते. तरुण मुलाचे लग्न ठरले की खोली चढविता येते. पण पायाच कच्चा असेल तर ती चढविता येत नाही.

शहरांतील बहुतेक कुटुंबे आज भूखंड नव्हे, तर सदनिका विकत घेतात. सदनिका वाढत नाही, म्हणून हा विचार तेथे निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. उलट तेथे तो अधिकच काटेकोरपणे लावावा लागतो. सदनिकेत काय बदलता येत नाही? तिचे ठिकाण, मजला, उजेड आणि वारा, शौचकूपाची जागा, आणि तिच्या हक्काची कागदपत्रे. वृद्ध माणूस घरात असेल तर उद्वाहक नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील प्रशस्त सदनिकेपेक्षा तळमजल्यावरील लहान सदनिका हितावह ठरते. शहराबाहेरील स्वस्त घराच्या किमतीत रोजचे प्रवासभाडे आणि दवाखान्याचे अंतरही धरले पाहिजे. तसे धरले की स्वस्ताई पुष्कळदा नाहीशी होते.

जाहिरातीतील क्षेत्रफळ आणि प्रत्यक्षात वापरता येणारी जागा ह्यांत अंतर असते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ह्या कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित केली. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची त्यात मोजली जात नाहीत. त्याच कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम-व्यावसायिकाला घेता येत नाही. ज्याची आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली आहे, त्याने ह्या दोन गोष्टी तरी ध्यानात ठेवाव्यात.

आता कर्जाचा विचार. समजा, १० लाख रुपये दरसाल दर शेकडा ९ व्याजाने घेतले. मुदत २० वर्षांची असेल तर मासिक हप्ता सुमारे ९,००० रुपये पडतो आणि एकूण परतफेड सुमारे २१ लाख ६० हजार रुपये होते. मुदत १५ वर्षांची केली तर हप्ता सुमारे १०,१४० रुपये होतो, पण एकूण परतफेड १८ लाख २५ हजारांच्या आसपास येते. सव्वातीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. तरीही लहान हप्ता हाच पुष्कळ कुटुंबांना सोयीचा असतो; कारण आजारपण आणि शिक्षण पूर्वसूचना देऊन येत नाहीत. ह्यावर एक मधला मार्ग आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीपूर्वी परतफेड केल्याबद्दल दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली. म्हणून मुदत लांब घ्यावी आणि चार पैसे अधिक येतील तेव्हा मुद्दल फेडावे. घराप्रमाणे कर्जही असे टप्प्याटप्प्याने हाताळता येते.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र नावाचा आहे. मुलाच्या घरासाठी वडील भविष्यनिर्वाह निधीची रक्कम देतात, आई दागिने मोडते, प्रसंगी गावाकडचे घर विकले जाते. खरेदीखतावर मात्र एकट्या मुलाचे नाव येते. पुष्कळदा त्यामागे कपट नसते. वडिलांचे वय अधिक म्हणून बँक त्यांना सहकर्जदार करून घेण्यास फारशी राजी नसते, आणि ज्याचे कर्ज त्याचे घर असे सोयीने ठरून जाते. परंतु नावाविना पैसा दिलेला वृद्ध त्या दिवसापासून स्वतःच्याच पुंजीवर उभ्या राहिलेल्या घरात पाहुणा होतो. मुलगा अकाली गेला, किंवा घरात बेबनाव झाला, तर त्याच्या हाती दाखविण्यासारखा कागद नसतो. सुनेचेही तसेच, तिचा पगार हप्त्यात जातो आणि नाव कोठेच नसते. वृद्धांच्या निर्वाहाची अट घालून दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविण्याची तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमात आहे. तथापि ती अट लेखी असेल तरच तिचा भक्कम आधार मिळतो, आणि तो उपाय भांडण झाल्यानंतरचा आहे. खरेदीखतात हिश्श्यासह संयुक्त नावे घालणे हा भांडणापूर्वीचा उपाय होय. काही राज्यांत स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कातही सवलत मिळते.

अशी बोलणी घरात अवघड वाटतात. पैशाचा हिशेब मांडला की प्रेम कमी झाले, अशी समजूत आपल्या समाजात रूढ आहे. वस्तुतः ज्या घरात आजोबांना आपला हिस्सा ठाऊक आहे, सुनेला आपला हक्क ठाऊक आहे आणि मुलाला आपले कर्ज ठाऊक आहे, त्या घरात दोन खोल्यांतही तीन पिढ्यांचे निभते. तिसरी खोली पुढे घेता येते. खरेदीखतात न आलेले नाव मागाहून घालणे मात्र फार कठीण जाते. म्हणून बयाणा देण्यापूर्वी एके संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, आणि ह्या बैठकीत वृद्धांना प्रथम बोलू द्यावे.