शाळेचा उंबरठा
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या या मंगल समयीं आपण आपल्या देवमंदिराविषयीं पुष्कळ ऐकलें. तें कोणीं बांधिलें, त्यासाठीं कोणीं किती कष्ट सोसले, हें सर्व कृतज्ञतेनें सांगून झालें. मला आतां चार शब्द शाळेविषयीं बोलावयाचे आहेत. काल सायंकाळीं आपल्या मुलांनीं येथें गाणीं म्हटलीं, तेव्हां माझ्या मनांत आलें, कीं हीं मुलें रोज सकाळीं ज्या उंबरठ्यावरून निर्भयपणें आंत जातात, तो उंबरठा निर्भय राखणें हें आपोआप घडणारें काम नव्हे. कलह पेटला म्हणजे तो पहिल्याप्रथम तुडविला जातो.

आपल्या मराठवाड्याला हें परक्या देशचें वृत्त वाटूं नये. १९४७-४८ सालीं नांदेड जिल्हा आणि त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें लातूर हीं दोन्हीं निजामाच्या राज्यांत होतीं. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरलाच वकिली करीत असे. त्यांच्या विरोधांत उभ्या राहिलेल्या चळवळीचे अध्वर्यु स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व पुढें अंबाजोगाईस त्यांनीं मुलें घडविलीं. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं 'भारतांत सामील व्हा' ही हांक उठली. कित्येक विद्यार्थ्यांनीं पुस्तकें बाजूला ठेवून चळवळींत उडी घेतली. रझाकारांच्या भयानें अनेक कुटुंबांनीं सरहद्द ओलांडली.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध गुरुजी होते. ते आतां देवाघरीं गेले. त्या वर्षीं ते नऊ वर्षांचे होते. ते सांगत, "फादर, आमची शाळा कोणीं जाळली नाहीं, कोणीं पाडली नाहीं. एके दिवशीं मास्तर आले नाहींत. दुसऱ्या दिवशीं निम्मीं मुलें आलीं नाहींत. पुढच्या आठवड्यांत आम्हीच बैलगाडींत बसून रातोरात गांव सोडलें. पाटी तेवढी मीं बरोबर घेतली होती."

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य आंत आलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. तो दिवस आपण आनंदानें पाळतों, आणि तो पाळावयाचाच. परंतु ख्रिस्ती माणसानें अर्धें सत्य सांगूं नये. त्यानंतर सूडाची लाट उसळली व पुष्कळ निरपराध मुसलमान बांधव तींत मारले गेले. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें सर्वाधिक हानीचे म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद व नांदेड हे होते. म्हणजे आधीं एका समाजाच्या मुलांच्या हातची पाटी सुटली, आणि मग दुसऱ्या समाजाच्या. त्या मुलांचा अपराध काय होता?

युद्ध शाळेवर तीन वाटांनीं येतें. पहिल्या वाटेनें तें शिक्षकाला नेतें. आपल्या कॅथलिक समाजालाही याचा अनुभव आहे. पहिल्या महायुद्धांत मुंबई व पुणें येथील मिशनांतील जर्मन जेज्वीट धर्मगुरूंपैकीं अनेकांना परशत्रूचे प्रजाजन म्हणून अहमदनगरच्या छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें आणि पुढें मायदेशीं परत पाठविण्यांत आलें. ज्यांनीं शाळा उभारल्या, त्यांचीच शाळांपासून ताटातूट झाली. दुसऱ्या वाटेनें युद्ध मुलांना हांकलून लावतें. तें आपण गुरुजींच्या तोंडून ऐकलेंच. तिसऱ्या वाटेनें तें इमारत घेतें, आणि या वाटेविषयींच मला आज विशेष सांगावयाचें आहे.

सैन्याला शाळा कां आवडते? भिंती पक्क्या, छप्पर सपाट, भोंवतीं आवार, जवळ पाणी, आणि दारापर्यंत रस्ता. शिवाय भाडें नाहीं. खेड्यांत इतकी सोयीची दुसरी इमारत सहसा नसते. पण शिपाई वर्गांत निजला, कीं समोरच्या पक्षाच्या दृष्टीनें ती शाळा राहत नाहीं, ठाणें होतें. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या अरण्यांत हेंच घडलें. सुरक्षा दलें शाळांत व वसतिगृहांत उतरलीं. नक्षलवाद्यांनीं शाळांच्या इमारती सुरुंगानें उडविल्या, आणि ज्यांत एकही शिपाई नव्हता अशाही कित्येक उडविल्या. अखेर २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें छत्तीसगडांतील शाळा व वसतिगृहें सुरक्षा दलांनीं रिकामीं करावींत असें बजाविलें.

राष्ट्रांच्या कायद्यालाही ही गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक आहे. १९०७ च्या हेग करारानें धर्म, कला, विद्या व दानधर्म यांस वाहिलेल्या इमारती वेढ्यांत व तोफांच्या माऱ्यांत शक्य तों वांचवाव्या असें म्हटलें. मात्र त्याच वेळीं त्यांचा लष्करी कामासाठीं उपयोग होत नसावा, अशी अट घातली. बंधूंनो, ही अट नीट ध्यानांत घ्या. शाळेचें कवच शाळेच्या शाळापणांतच आहे. १९९८ च्या रोम करारानें शाळेवर जाणूनबुजून केलेला हल्ला युद्धगुन्हा ठरविला, परंतु तेथेंही हीच अट आहे. म्हणून २०१५ सालीं ऑस्लो येथें निराळी घोषणा झाली, कीं युद्धकाळीं शाळा लष्करी कामासाठीं घेऊंच नयेत. शंभराहून अधिक राष्ट्रांनीं ती मान्य केली. आपल्या देशानें अद्याप केलेली नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०२० पासून ९ सप्टेंबर हा दिवस शिक्षणाच्या रक्षणासाठीं नेमिला आहे. तरीही २०२२ व २०२३ या दोन वर्षांत जगांत शिक्षणावर सुमारें ६,००० हल्ले झाल्याचें या कामीं झटणाऱ्या संस्थांच्या आघाडीनें नोंदविलें आहे.

आतां दुसऱ्याचा दोष सांगून झाल्यावर मला माझाही सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं असतांना तेथें दंगलीचें वातावरण झालें. बंदोबस्तासाठीं आलेल्या सशस्त्र तुकडीला उतरावयास जागा हवी होती. तीन दिवसांचा प्रश्न आहे, असें मला सांगण्यांत आलें, आणि मीं दोन वर्गांच्या किल्ल्या स्वतःच्या हातानें दिल्या. माणसें वाईट नव्हतीं. मुलांशीं गोड बोलत. पण तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. भिंतीला बंदुका टेकून उभ्या असत. मोठ्या मुलींनीं येणें बंद केलें. तुकडी निघून गेली, वर्ग धुवून घेतले, घंटा पुन्हां वाजूं लागली. परंतु त्यांतल्या चार मुली परत आल्या नाहींत. एकीचें त्याच वैशाखांत लग्न लागलें, आणि तें लावण्यास मीच उभा होतों. मला कोणींही बोल लावला नाहीं. मीं मात्र ती किल्ली अजून विसरलों नाहीं.

म्हणून या जुबिलीच्या वर्षीं धर्मग्रामापाशीं माझें एक मागणें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तशी आपत्ति पुन्हां आली, पूर आला, घरें पडलीं, तर आपल्या शाळेचें दार रात्रीं दोन वाजतांही उघडावें. भुकेल्याला, बेघराला, पळून आलेल्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आंत घ्यावें. आणि मुलांचे वर्ग झाडाखालीं कां होईना, दुसऱ्याच दिवशीं सुरू करावे. परंतु शस्त्राला, मग तें कोणाचेंही असो, आपल्या बाजूचें असलें तरीही, या उंबरठ्याच्या आंत जागा देऊं नये. कोणी मागावयास आलें, तर नम्रपणें दुसरी जागा दाखवावी, तिचें भाडें लागल्यास आपण वर्गणी करून द्यावें. तेवढा खर्च एका मुलीच्या सुटलेल्या शाळेपेक्षां कधींही स्वस्त आहे.

हेरोदाच्या तलवारीपासून बाळ येशूला वांचविण्यासाठीं पवित्र योसेफानें रात्रींतच घर सोडलें. प्रभूनें पुढें बालकांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला, तेव्हां त्यांच्या आड येणाऱ्या शिष्यांनाच त्यानें दटाविलें. आड येणारे परके नव्हते, आपलेच होते, हें आपण विसरूं नये.

पवित्र मरिया, आपली माता, या शाळेंतील व साऱ्या जगांतील शाळांतील लेंकरांना आपल्या पदराखालीं घेवो, आणि प्रभु येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.